झेनॉनचे पान गाळू नका, पाठही करून घेऊ नका

बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातून पी-गटाचे, म्हणजे आवर्त सारणीच्या उजवीकडच्या मूलद्रव्यांचे, अख्खे प्रकरण २०२२ मध्ये गेले. एनसीईआरटीने त्या वर्षी अभ्यासक्रमाची छाटणी केली, तिच्यात घन अवस्था, पृष्ठरसायन, धातूंचे निष्कर्षण, बहुवारिके आणि दैनंदिन जीवनातील रसायन हीही प्रकरणे गेली. गोव्यातल्या हायर सेकंडरीत हीच पुस्तके चालतात, त्यामुळे पेडण्यापासून काणकोणापर्यंत शिक्षक आणि पालक एकत्र आले की ही छाटणी बरी की वाईट, ही चर्चा अजून निघते. एक बाजू म्हणते, बरे झाले, मुलांच्या डोक्यावरचे ओझे उतरले. झेनॉन हेक्साफ्लोराइड किती तापमानाला तयार होते हे घोकून कुणाचे भले झाले? दुसरी बाजू म्हणते, प्रवेश परीक्षांच्या अभ्यासक्रमात पी-गट आहेच, मग वर्गात न शिकवलेला भाग मुलांनी क्लासला पैसे भरून शिकायचा का? दोघांचेही बोलणे पानांभोवती आणि गुणांभोवती फिरते. ज्या धड्यावरून भांडण आहे तो धडा उघडून त्यात काय आहे हे मात्र कुणी पाहत नाही.

माझे म्हणणे असे, की पी-गटाच्या बाकी भागावर तडजोड करता येईल, अठराव्या गटाच्या, म्हणजे हेलियम, निऑन, आर्गन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन या निष्क्रिय म्हणवल्या जाणाऱ्या वायूंच्या, संयुगांवर करू नये. एखादा नियम कुठवर लागू पडतो आणि कुठे थांबतो हे आकड्यांनी शोधून काढण्याचा इतका छोटा आणि इतका स्वच्छ नमुना शालेय रसायनशास्त्रात दुसरा नाही. बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन झाले की अणू तृप्त झाला, मग तो कुणाशी संयोग करत नाही, असे मूल नववीपासून ऐकत येते. छाटणीनंतर या समजुतीला धक्का देणारे एकच वाक्य उरले आहे. अकरावीच्या रासायनिक बंधांच्या प्रकरणात, अष्टक नियमाच्या मर्यादा सांगताना, झेनॉन आणि क्रिप्टॉन हे फ्लोरिन व ऑक्सिजनशी संयुगे करतात असे लिहिले आहे. का करतात आणि कशी करतात, हे तिथे नाही. म्हणजे पाठांतर कमी करण्याच्या नावाखाली कारण गेले आणि पाठ करायची ओळ राहिली.

विरोधी बाजूचे बळ आधी मोकळेपणाने मान्य करायला हवे, कारण ते थोडेथोडके नाही. पहिला मुद्दा व्यवहाराचा. वास्को-चिखलीच्या जहाजबांधणी यार्डांत ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील जोडताना ज्याला सगळे आर्गन वेल्डिंग म्हणतात ते आर्गनच्या अलिप्तपणावरच उभे आहे. टंगस्टनच्या इलेक्ट्रोडभोवती मिनिटाला साधारण ८ ते १२ लिटर आर्गन सोडतात आणि तो वितळलेल्या धातूवर पांघरूण घालतो. खाडीवरून वारा सुटला आणि आडोसा नसला की पांघरूण उडते, हवा आत शिरते, टंगस्टनचे टोक काळे पडते आणि सांध्यात बारीक भोके राहतात. या वेल्डरला कुणी आर्गनही कधीकधी संयुग करतो असे सांगितले तर त्याच्या कामात तसूभर फरक पडणार नाही. अमोनियाच्या कारखान्यातही हेच दिसते. हवेबरोबर नायट्रोजन येतो आणि ०.९३ टक्के आर्गनही येतो. लोखंडी उत्प्रेरकावर ४०० ते ५०० अंश सेल्सियस तापमान आणि शंभराहून अधिक वातावरणांचा दाब असताना नायट्रोजन हायड्रोजनशी जुळतो, आर्गन मात्र जसाच्या तसा राहतो. फिरत्या वायूत तो फेरीगणिक साचत जातो, अभिक्रियेची जागा अडवतो, म्हणून थोडा वायू सतत बाहेर सोडून द्यावा लागतो. निष्क्रियतेची याहून कडक परीक्षा कोणती?

दुसरा मुद्दा प्रयोगशाळेचा. गाळलेल्या धड्यात झेनॉनच्या तीन फ्लोराइडांच्या कृती होत्या. झेनॉन जास्त ठेवून ६७३ केल्विन आणि १ बार दाबाला डायफ्लोराइड. झेनॉन आणि फ्लोरिन १ ला ५ या प्रमाणात घेऊन ८७३ केल्विन आणि ७ बारला टेट्राफ्लोराइड. १ ला २० प्रमाणात, ५७३ केल्विन आणि ६० ते ७० बारला हेक्साफ्लोराइड. यातले एकही गोव्यातल्या कोणत्याही शाळेत करून दाखवता येणार नाही आणि कुणी तसा विचारही करू नये. भांडे निकेलचे किंवा मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे लागते. आधी त्यात नुसता फ्लोरिन सोडून आतल्या भिंतीवर फ्लोराइडचा थर धरू द्यावा लागतो, म्हणजे पुढे धातू खाल्ला जात नाही. व्हॉल्व्हला साधे ग्रीस लागलेले असले तर ते फ्लोरिनमध्ये पेट घेते. ओलावा राहिला तर हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, तो काच खातो आणि कातडीतून आत शिरून हाडापर्यंत पोचतो. हेक्साफ्लोराइड क्वार्ट्‌झलाही सोडत नाही, म्हणून ते काचेच्या भांड्यात ठेवता येत नाही. पाण्याशी गाठ पडली तर त्यातून झेनॉन ट्रायऑक्साइड होते, आणि ते सुकले की जराशा धक्क्याने फुटते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा पाण्याने भरलेली असते. तिथे हे रसायन म्हणजे अपघाताला आमंत्रण. जे दाखवता येत नाही त्याचे आकडे मुलांकडून घोकून घेणे हा छळ होता, आणि तो संपला याचा आनंद मानणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत आहे.

तिसरा मुद्दा क्वचितच कुणी मांडतो, पण सर्वांत वजनदार तोच आहे. नियम मोडल्याच्या गोष्टी मुलांना सांगत राहिलो तर ती काय शिकतील? सगळे शास्त्रज्ञ अशक्य म्हणत होते, एका माणसाने ते करून दाखवले, या थाटाची गोष्ट ऐकून वाढलेला मुलगा उद्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाची किंवा कर्करोगावरच्या चमत्कारी काढ्याची जाहिरात पाहून म्हणेल, शास्त्रज्ञ तेव्हाही नाहीच म्हणाले होते. या वायूंच्या संयुगांची गोष्ट बहुतेक वेळा अशीच सांगितली जाते, आणि तशी सांगायची असेल तर ती न सांगितलेली बरी.

पण ती तशी घडलेलीच नाही. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. त्यानंतर तीन महिने चार दिवसांनी, २३ मार्च १९६२ च्या संध्याकाळी, कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी काचेच्या उपकरणातला पातळ पडदा फोडला. एका बाजूला प्लॅटिनम हेक्साफ्लोराइडची गडद लाल वाफ होती, दुसऱ्या बाजूला रंगहीन झेनॉन. दोन्ही मिसळले आणि त्याच क्षणी पिवळसर-नारिंगी घन पदार्थ भांड्यात बसला. या क्षणाच्या आधीचा विचार वर्गात पोचायला हवा. हीच लाल वाफ ऑक्सिजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि त्याच्याशी क्षार बनवते, हे बार्टलेट यांना आधी आढळले होते. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला १२.०७ इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे माप) लागतात. पुस्तकातल्या तक्त्यात झेनॉनच्या नावापुढे १२.१३ हा आकडा होता. फरक ०.०६ चा, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा. शिवाय झेनॉनचा आयन आणि ऑक्सिजन रेणूचा आयन आकाराने फार वेगळे नाहीत, म्हणजे स्फटिक जुळताना मिळणारी ऊर्जाही जवळपास तितकीच. मग ऑक्सिजनशी जे घडते ते झेनॉनशी का घडू नये?

यात बंडखोरी कुठे आहे? नियम ज्या मापावर उभा होता तेच माप, आयनीभवन ऊर्जा, म्हणजे इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, बार्टलेट यांनी हातात घेतले आणि ते शेवटपर्यंत लावून पाहिले. चमत्कारी काढा विकणाऱ्याकडे १२.०७ आणि १२.१३ नसतात. आपला दावा कुठे फसेल हे तो आधी सांगत नाही. बार्टलेट यांच्या तर्कात ते लिहिलेलेच होते: हेलियमचा आकडा २४.५९, निऑनचा २१.५६, तेव्हा त्यांच्यावर ही वाफ चालणार नाही. शिवाय तो पिवळसर पदार्थ एकच साधे संयुग नसून मिश्रण होते हे पुढच्या तपासणीत निघाले आणि पहिले सूत्र दुरुस्त झाले. ही दुरुस्तीही मुलांना सांगावी. शोध खरा आणि त्याचे पहिले वर्णन अपुरे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे त्यांना कळू द्या.

अर्ध्या टक्क्याशी या वायूंचे जुने नाते आहे. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरतो आणि रासायनिक पदार्थांपासून बनवलेला १.२५०५ ग्रॅम, हे लॉर्ड रॅली यांच्या ध्यानात आले. फरक पुन्हा अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कुणी ती चूक समजून सरासरी काढली असती. रॅली आणि विल्यम रॅमसे यांनी तिचा पाठलाग केला आणि १८९४ मध्ये आर्गन हाती लागला. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ आळशी. म्हणजे या गटाची ओळख अर्ध्या टक्क्याने झाली, आणि त्याच्याविषयीचा गैरसमज अर्ध्या टक्क्यानेच गेला. प्रयोगवहीत आकडे जुळवून लिहिणाऱ्या आपल्या मुलांना, शेवटच्या दशांशाकडे का पाहायचे हे पटवणारे याहून चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही.

कुणी प्रयत्नच केला नव्हता, हेही खरे नाही. फ्लोरिन प्रथम वेगळा करणारे आंरी म्वासां यांनी १८९५ मध्ये, रॅमसे यांनी पाठवलेल्या आर्गनवर फ्लोरिनचा मारा केला. काहीच झाले नाही, आणि आज आपण म्हणू की होणारही नव्हते, कारण आर्गनचा आकडा १५.७६ आहे. झेनॉन तर सापडला १८९८ मध्ये. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९३३ मध्ये झेनॉन आणि क्रिप्टॉन यांची फ्लोराइडे शक्य असल्याचे लिहिले. त्याच वर्षी त्यांच्याच संस्थेत डॉन योस्ट आणि आल्बर्ट के यांनी झेनॉन-फ्लोरिनच्या मिश्रणातून वीज सोडून पाहिली. फ्लोरिन त्या काळी प्रयोगशाळेतच काढावा लागे, तो शुद्ध मिळणे कठीण आणि हाताळणे त्याहून कठीण. हाती काही लागले नाही. संयुग होऊच शकत नाही असे यावरून सिद्ध होत नाही, हे त्या दोघांनी आपल्या टिपणात लिहून ठेवले होते. पाठ्यपुस्तकांनी मात्र ते वाक्य घेतले नाही, फक्त अपयश घेतले. पुढची जवळजवळ तीस वर्षे हा दरवाजा कुणी पुन्हा ढकलला नाही. मग बार्टलेट यांची बातमी आली, आणि १९६२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत क्लासेन, सेलिग आणि माल्म यांनी निकेलच्या डब्यात झेनॉन आणि फ्लोरिन भरून ४०० अंश सेल्सियसला तासभर तापवले, डबा गार केला आणि आत झेनॉन टेट्राफ्लोराइडचे पांढरे स्फटिक मिळाले. युरेनियमच्या कामामुळे फ्लोरिन हाताळायची विद्या तिथे आधीपासून होती, झेनॉनही होता. त्याहून सोपी कृती पुढे निघाली. कोरड्या काचेच्या फुग्यात झेनॉन आणि शुद्ध फ्लोरिन भरून तो उन्हात ठेवला तर भिंतीवर डायफ्लोराइडचे स्फटिक धरतात. तीस वर्षे अडलेले काम नुसत्या उन्हाने होते! अडथळा वायूत किती होता आणि पुस्तकाच्या वाक्यात किती?

हा प्रश्न गोव्याला नवा नाही. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला ज्याचे नाव आहे त्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेले संवाद १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले. त्या संवादांत एक पात्र पुन्हा पुन्हा ग्रीक ग्रंथांचा हवाला देते आणि ऑर्ता स्वतः पाहिलेल्या वस्तूवरून उत्तर देतात. स्पेनमध्ये असतो तर प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनविरुद्ध बोलायला धजलो नसतो, असेही ते कबूल करतात. ग्रीकांना खोटे ठरवण्याचा विडा त्यांनी उचलला नव्हता. त्यांचे पुष्कळसे ते मानतच होते. जिथे ग्रंथातले वर्णन समोरच्या झाडाशी जुळत नव्हते तिथे त्यांनी झाड मानले. बार्टलेट यांनी तक्त्यातला आकडा मानला आणि आठ इलेक्ट्रॉनांचे वाक्य बाजूला ठेवले. दोघांत चारशे वर्षांचे अंतर आहे, पण हातातली रीत एकच.

आता धड्याच्या गाभ्याकडे. झेनॉन फ्लोरिनशीच का जुळतो, क्लोरिनशी का नाही? वर्गात मिळणारे उत्तर असते, फ्लोरिन सर्वांत क्रियाशील म्हणून. हे उत्तर म्हणजे प्रश्नच उलटा करून सांगणे. खरा जमाखर्च दुकानाच्या वहीसारखा मांडता येतो. फ्लोरिनचा रेणू फोडायला मोलमागे (मोल म्हणजे रसायनशास्त्रात पदार्थ मोजायचे ठरावीक माप) १५८ किलोज्यूल खर्च होतात. झेनॉन आणि फ्लोरिन यांचा एक बंध जुळला की सरासरी १३३ किलोज्यूल जमा होतात, दोन बंधांचे २६६. खर्च वजा केला की १०८ शिल्लक, धंदा फायद्यात. क्लोरिनचा रेणू फोडायला २४२ लागतात आणि झेनॉन-क्लोरिन बंध फारच दुबळा, म्हणजे वही तोट्यात. फ्लोरिनची ख्याती दुहेरी आहे: त्याचा स्वतःचा बंध विलक्षण कमकुवत आणि दुसऱ्यांशी जोडलेला बंध मजबूत. क्रिप्टॉन घेतला तर एका बंधाचे फक्त ४९ मिळतात, दोनांचे ९८, आणि १५८ ला ६० कमी पडतात. तरीही क्रिप्टॉन डायफ्लोराइड बनते, पण उधारीवर. विजेने फ्लोरिन आधीच अणूंमध्ये फोडून ठेवायचा, म्हणजे मोठा खर्च बाहेरून भागतो, आणि तयार झालेले संयुग द्रव नायट्रोजनच्या थंडाव्यात, उणे १९६ अंशांना, गोठवून धरायचे. खोलीच्या तापमानाला आणले की ते हळूहळू मोडते आणि उधारी परत जाते. झेनॉन ट्रायऑक्साइड का फुटते, हेही याच वहीत सापडते. ते घटकांपासून बनायला मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल तोटा आहे, आणि तो सगळा साठा एका धक्क्याने बाहेर पडतो. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणत्याही मुलाला हे चार हिशेब दहा मिनिटांत करता येतात. ८७३ केल्विन आणि ७ बार पाठ करण्यापेक्षा ते लवकर होतात, आणि कायमचे राहतात.

बंध नेमका कसा जुळतो यावर इथे फार रेंगाळत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिने प्रयोगशाळेच्या मुद्द्याला उत्तर मिळते. झेनॉन डायफ्लोराइडमध्ये बाहेरच्या कक्षांतले एकूण २२ इलेक्ट्रॉन असतात आणि तीन अणू एका रेषेत. आयोडिनचे दोन अणू आणि एक आयोडाइड आयन मिळून होणाऱ्या ट्रायआयोडाइडमध्येही तसेच २२, आणि तेही एका रेषेत. हा झेनॉन संयुगाचा सख्खा भाऊ गोव्यातल्या प्रत्येक हायर सेकंडरीच्या प्रयोगशाळेत तपकिरी बाटलीत बसलेला आहे. शंभर मिलिलिटर पाण्यात ०.१ ग्रॅम आयोडिन टाका. लिटरला जेमतेम ०.३ ग्रॅमच विरघळत असल्याने बहुतेक खडे तळाशीच राहतात आणि पाणी फिकट पिवळे होते. दुसऱ्या नळीत चार-पाच मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवा आणि त्यातही ०.१ ग्रॅमच आयोडिन टाका. क्षणात दाट तपकिरी द्रावण होते. पाणी आधीच जास्त घातले तर आयोडिन विरघळायला वेळ लागतो, म्हणून पातळ करायचे ते शेवटी. आयोडिन काचेच्या बशीत तोलावे, धातूच्या पारड्याला ते खाते; वाफ हुंगू नये; हातावर डाग पडला तर हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) द्रावणाने जातो. आता मुलांना विचारा: आयोडाइड आयनाभोवती आठ इलेक्ट्रॉन पुरे झालेले आहेत, तो अगदी झेनॉनसारखाच तृप्त आहे, मग त्याने आयोडिनचा रेणू का धरला? आठ पुरे झाले की संबंध संपला, हे वाक्य फ्लोरिनचा एक थेंबही न वापरता त्यांच्या डोळ्यांदेखत डळमळते. जुनी पुस्तके इथे डी-कक्षांचे संकरण सांगतात. आज त्यापेक्षा तीन अणूंवर पसरलेल्या चार इलेक्ट्रॉनांचे चित्र जास्त ग्राह्य मानतात, आणि ते शिकवायला अवघडही नाही.

ही संयुगे मूठभर आणि निरुपयोगी, हा आक्षेप मात्र मला मान्य नाही. झेनॉन डायफ्लोराइड आज बाटलीत विकत मिळते. ते सिलिकॉनला खाते आणि शेजारच्या ऑक्साइडला, ॲल्युमिनियमला जवळजवळ हात लावत नाही, म्हणून अतिसूक्ष्म यंत्रांचे भाग कोरायला वापरतात. परब्रोमेट, म्हणजे ब्रोमेटहून एक ऑक्सिजन जास्त असलेला ब्रोमिनचा आयन, होऊच शकत नाही असे रसायनशास्त्रज्ञ कितीतरी वर्षे मानत आणि न होण्याची कारणेही देत. १९६८ मध्ये ते अखेर तयार झाले, आणि ब्रोमेटला तिथवर नेणाऱ्यांत हेच डायफ्लोराइड होते. म्हणजे एका गैरसमजातून सुटलेल्या संयुगाने दुसरा गैरसमज सोडवला. डोळ्याचा नंबर घालवणाऱ्या लेझर शस्त्रक्रियेत १९३ नॅनोमीटरचा किरण लागतो, तो आर्गन आणि फ्लोरिन यांच्या जोडीतून निघतो. ही जोडी फक्त उत्तेजित अवस्थेत, काही नॅनोसेकंदांपुरती जुळते, आणि सुटताना प्रकाश देते. त्या किरणाने जिवंत ऊतक न जाळता स्वच्छ कापता येते, हे भारतात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांनी आयबीएममध्ये १९८१ मध्ये दाखवले. यार्डातला जो आर्गन वेल्डरला काहीच करत नाही, तोच इथे फ्लोरिनचा हात धरतो. दोन्ही खरे आहे, कारण परिस्थिती वेगळी आहे. मुलांनी शिकायचे ते हेच. याच ओळीत २००० मध्ये हेलसिंकीला आर्गनचे हायड्रोजन व फ्लोरिनबरोबरचे संयुग गोठलेल्या आर्गनमध्ये, काही केल्विन तापमानाला, पकडले गेले. आणि सोडियम व हेलियम यांचे संयुग अकरा लाखांहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली तयार झाल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. निऑनचे स्थिर संयुग अजून कुणाला मिळालेले नाही. हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

शब्दाचे भांडणही इथेच मिटवायला हवे. गोव्यात पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि मग इंग्रजीत जातात. आधी शिकलेला शब्द डोक्यात पक्का बसतो. निष्क्रिय वायू म्हटले की प्रश्नच संपतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी नायट्रोजनलाही निर्जीव या अर्थाचे नाव दिले होते, आणि नायट्रोजनचा बंध आहेही तसाच घट्ट, ९४५ किलोज्यूलचा. पण मॅग्नेशियमची फीत हवेत जाळली की राखेत थोडे नायट्राइड असते, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले की अमोनियाचा वास येऊ शकतो. झुआरीनगरच्या खत कारखान्याने तर याच निर्जीव वायूपासून पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतीला युरिया पुरवला. निर्जीव हे नाव धरून बसलो असतो तर शेतात काय घातले असते? मराठीत राजवायू हा शब्द आहे, आणि तो राजधातूच्या जोडीला शोभतो. सोने गंजत नाही, पण अम्लराजात, म्हणजे तीव्र आम्लांच्या मिश्रणात, विरघळते, हे आपल्याकडचा प्रत्येक सोनार जाणतो, आणि म्हणून सोन्याला निष्क्रिय म्हणत नाही. सहजासहजी कुणात मिसळत नाही, पण योग्य जोडीदार आणि योग्य परिस्थिती मिळाली तर मिसळतो, हा सगळा अर्थ राजवायू या शब्दात सामावतो. शिक्षकांनी फळ्यावर तोच लिहावा.

वेळ नाही, हा शेवटचा आक्षेप. चाळीस मिनिटांचा एक तास पुरतो. पहिली दहा मिनिटे फळ्यावर आकडे: हेलियम २४.५९, निऑन २१.५६, आर्गन १५.७६, क्रिप्टॉन १४.००, झेनॉन १२.१३, रेडॉन १०.७५, शेजारी हायड्रोजन १३.६० आणि ऑक्सिजनचा रेणू १२.०७. लाल वाफ ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन घेते एवढे सांगून शिक्षकाने गप्प बसावे आणि पुढे कुणावर प्रयोग करायचा ते मुलांना ठरवू द्यावे. काही जण रेडॉन म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. त्याचे फ्लोराइड १९६२ मध्येच आढळले, पण त्याचा सर्वांत टिकाऊ समस्थानिकही ३.८ दिवसांत निम्मा होतो, म्हणून त्याचे रसायन फार पुढे गेले नाही. पुढची पंधरा मिनिटे बंधांचा जमाखर्च, उरलेली आयोडिनच्या नळीसाठी. ज्यांना गुणांची काळजी आहे त्यांच्यासाठी परीक्षेचा प्रश्नही तयार आहे: क्रिप्टॉन-फ्लोरिन बंध ४९ आणि फ्लोरिन-फ्लोरिन बंध १५८ किलोज्यूल, क्रिप्टॉन डायफ्लोराइड तयार होताना होणारा ऊर्जाबदल काढा, आणि ते थंडाव्यातच का ठेवावे लागते ते दोन ओळींत लिहा. तीन गुण.